आप्पांच्या छत्रीतली डबी

"घरात छत्री उघडायची नाही हं!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिथून तिला आम्ही दिसत नव्हतो. पण छत्रीला कुणी हात लावला की तिला कसं कळायचं, देव जाणे.

"उघडत नाही गं," असं म्हणून मी आप्पांची छत्री मिटलेलीच टेबलावर आडवी ठेवली.

"अपशकुन असतो," आप्पा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले. "वायरलेसच्या पुस्तकात दिलेलं नाही, पण असतो."

या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं होऊन गेली. आप्पा म्हणजे माझे वडील. गावाच्या डोक्यावर जो कातळाचा उघडा सडा आहे, तिथे पूर्वी बंदर खात्याचं छोटं वायरलेस स्टेशन होतं. आप्पांनी सगळी नोकरी त्या स्टेशनात, समुद्रावरच्या जहाजांचं बोलणं ऐकत काढली. पुढे स्टेशन बंद झालं, खांब उतरवला, आणि आप्पा निवृत्त होऊन घरी आले ते हौशी वायरलेसचं लायसन खिशात घालूनच. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि आईआप्पांपाशीच राहत होते. सोल्डरिंग मी त्यांच्याच हाताखाली शिकले.

मग आप्पांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग वाटा. त्या हिवाळ्यात ते फिरायला म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत. अंधार पडायच्या सुमारास खाडीच्या बांधावर सापडले, चपला हातात घेऊन, अगदी शांत बसलेले. माझा भाऊ हेमंत तेव्हा ठाण्याला होता. त्यानं फोनवर निकाल देऊन टाकला, "परत एकदा असं झालं तर मी त्यांना इकडे घेऊन येणार. चौथा मजला आहे, दाराला वरून कडी आहे. माझ्या जिवाला घोर तरी नाही." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. पण त्याचं अगदीच चुकत होतं असंही नाही. आई रात्र रात्र जागी असायची.

हेमंतचा आवाज फोनमधून ओसरीपर्यंत ऐकू यायचा, त्यामुळे आप्पांनी ते सगळं ऐकलं होतं. दोन दिवस ते फिरायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "विशू, चरायला सोडलेल्या गुराच्या गळ्यात घंटा बांधतात ना? तशी माझ्या गळ्यात बांध. मग फिरू दे मला."

आप्पा एक वेळ चष्मा विसरतील, पण छत्री नाही. कोकणातला जुना माणूस, पावसात छत्री, उन्हात छत्री, आणि दोन्ही नसताना तीच काठी. छत्रीची पोलादी दांडी हीच अँटेना करायची असं ठरलं. मुठीखाली अगदी थोडीच जागा होती, म्हणून कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी घेतली. ट्रान्समीटर त्या डबीत, आणि चौकोनी सेल तिच्या शेजारी. आईनं दोन्हीवर काळ्या कापडाची पिशवी शिवून दिली. डबीतून सारखे तीन तीन सूर बाहेर पडायचे, आणि घरातल्या रिसीव्हरवर ते ऐकू यायचे, पी-पी-पी. रिसीव्हरला तारेची एक चौकट होती. ती फिरवली की आप्पा कुठल्या दिशेला आहेत तेही समजायचं.

पहिल्यांदा सगळं जुळवलं तेव्हा अँटेनाच्या जागी टॉर्चचा बल्ब लावला होता. तो बल्ब जास्तीत जास्त पेटेपर्यंत आम्ही डबीतले स्क्रू फिरवत राहिलो. बल्ब असा लखलखला की आई बघायला बाहेर आली. आप्पांनी माझी पाठ थोपटली. मग छत्री घेऊन ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले, आणि रिसीव्हरवरचे सूर गल्लीतल्या फणसाच्या झाडापाशीच विरून गेले. इकडे कुंपणापलीकडून शेवंतीकाकींची हाक आली.

"विशू गो! तुझे आप्पा आताच गेले काय रस्त्यान? माझ्या टीव्हीर पट्टेच पट्टे इले! ती बाई चांगली रडत होती, आणि तिच्या तोंडारच पट्टे!"

शेवंतीकाकी राणे आमच्या शेजारच्या. जीव लावणाऱ्या, पण मालिकेच्या मध्ये देव आला तरी त्याला ओसरीवर बसवून ठेवणाऱ्या.

आप्पा परत आले, सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावून हसले. "फसलो गो आपण. बल्बाला काय, मिळेल ते खातो तो. डबीतल्या ट्रान्झिस्टरला एक सूर काढ म्हटलं तरी तो त्याबरोबर दुपटीचा काढतो, तिपटीचा काढतो. बल्ब सगळ्यांवर पेटतो. आपण समजलो, मूळ सूरच दांडगा आहे. ही छत्रीची दांडी मूळ सुराला आखूड पडते, तो तिच्यावर चढतच नाही. दुपटीच्या सुराला मात्र ती बरोबर बसते. म्हणून जे घरी यायला हवं ते येत नाही, आणि जे जायला नको ते शेवंतीच्या घरात जातं."

सुधारणा करायला वेळ लागला, कारण मला परीक्षेचे पेपर तपासायचे होते. तोवर डबी तशीच चालू होती. आणि गंमत म्हणजे, त्या दिवसांत रिसीव्हरची गरजच पडली नाही. आप्पा ज्या घरावरून जात त्या घरातला टीव्ही चट्टेपट्टे दाखवायचा, आणि बायका खिडकीतून डोकावायच्या. "आप्पा, खंय चललात? घराक चला बघू." कुणी हाताला धरून आणून सोडायचं. आई म्हणाली, "अगो, हेच बरं आहे. सगळी वाडी लक्ष ठेवते." आप्पा दर वेळी आणून सोडणाऱ्याचे आभार मानायचे आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला वाटायचं, दमले असतील.

परीक्षेचं काम संपलं त्याच दिवशी त्यांनी मला टेबलापाशी बसवलं. म्हणजे आई स्वयंपाकघरातून छत्रीबद्दल ओरडली तो दिवस.

"मोठ्या स्टेशनात दोन वेगळी कपाटं असायची," आप्पा डबीत भिंगातून बघत म्हणाले. "एकाचं काम जोडायचं. ट्रान्समीटरची ताकद अँटेनाला पुरती पोचवायची, वाटेत सांडू द्यायची नाही. दुसऱ्याचं काम गाळायचं. वरचे सूर अडवून जमिनीत सोडायचे. आपल्याकडे दोन कपाटं कुठून येणार? तेव्हा जो जोडतो त्यालाच गाळायला लावायचं."

डबीत तांब्याच्या तारेची एक कॉइल होती, तिच्या दोन्ही अंगांना एकेक कपॅसिटर. आप्पांनी कपॅसिटर आधीपेक्षा मोठे घेतले आणि कॉइल त्यांच्या मापानं पुन्हा गुंडाळली. सकाळी चमच्याला काय म्हणतात ते त्यांना आठवत नव्हतं. पण तांब्याची तार बोटांत आली की एकही वेढा दुसऱ्यावर चढत नव्हता. मला बघून बरं वाटायचं, आणि वाईटही वाटायचं.

"एक लक्षात ठेव," ते म्हणाले, "गाळणं जितकं कडक, तितकी जुळणी नखरेल. बाहेर जरा काही बदललं की रुसते." एवढं बोलून त्यांनी मिटलेल्या छत्रीकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसले. मला वाटलं, जुन्या स्टेशनातलं काहीतरी आठवलं असेल.

या वेळी बल्ब बाजूला ठेवला. मी शेवंतीकाकींच्या टीव्हीसमोर बसले, आप्पा कुंपणाशी मिटलेली छत्री हातात धरून स्क्रू फिरवत राहिले. पट्टे होते, ते पातळ झाले, मग पडदा स्वच्छ झाला. घरी रिसीव्हरवर आई ऐकत होती. तिनं ओरडून सांगितलं, "आता केवढ्यानं येतंय!" एकाच डबीनं दोन्ही कामं केली होती. आप्पा त्या दिवशी खाडीपर्यंत जाऊन आले आणि सूर एकदाही तुटला नाही.

काकी तेवढ्या हिरमुसल्या. "बरा झाला म्हणा. पण आप्पा रस्त्यान जातत ता कळत होता हो."

मेच्या मध्याला हेमंत आला, चार दिवसांची रजा काढून. आल्या आल्या रिसीव्हरपाशी बसला. सूर ऐकले, चौकट फिरवून बघितली, आणि मान डोलावली. तो वाईट नाही हो, माझा भाऊ. फक्त घाबरला की हुकूम सोडतो. "चालतंय खरं," तो म्हणाला. "पण माझं म्हणणं तेच. एकदा जरी गडबड झाली तरी मी त्यांना घेऊन जाणार. आई, तू मध्ये पडायचं नाहीस." आप्पांनी ताटातला भात चिवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा छत्री घेऊन बाहेर पडले. आम्ही चहा घेत होतो. पी-पी-पी, पी-पी-पी. सूर वाडीतून लांब सरकला, कमी झाला, पण येत राहिला. आणि मग एकदम थांबला.

मी कप खाली ठेवला. चौकट सगळ्या बाजूंना फिरवली. नुसती खरखर.

"सेल?" हेमंतनं विचारलं.

"कालच नवा घातलाय."

"झालं तर मग." तो उठला, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी बांधाकडे जातो. गेल्या वेळी तिथेच होते." आणि राण्यांच्या मुलाची स्कूटर मागून घेऊन तो गेलासुद्धा.

खाडीला भरतीची वेळ होती. काकी कुंपणाशी आल्या, त्यांना न सांगताच कळलं. "आता पट्टेव येनत नाय, तर आप्पा खंय गेले ता आमका कळाचा कसा गो?" त्या रडवेल्या झाल्या होत्या, आणि मला वाटलं, खरंच आहे की. मीच ते पट्टे पुसले. चांगल्या चाललेल्या गाड्याला खीळ घातली.

आई अंगणात आंब्याची साठं उन्हात घालत होती. तिचाही कान रिसीव्हरकडे होता, पण काम सोडून बसली असती तर ती जास्त घाबरली असती. ऊन चढलं तशी तिनं ओसरीच्या खुंटीवरची आपली छत्री काढली, दोन पायऱ्या उतरली, आणि अंगणात पाऊल पडल्यावर मगच उघडली. रोजच्यासारखीच.

मी त्या उघड्या छत्रीकडे बघत राहिले.

"आई, आप्पांची छत्री आपण कधी उघडलीच नाही."

"घरात कशी उघडणार?"

"तेच म्हणते मी!"

जुळवाजुळव सगळी मिटलेल्या छत्रीवर झाली होती. कुंपणाशीसुद्धा सावलीच होती. मिटलेली असली की ती एक सरळ दांडी. उघडली की तिला आठ काड्यांचा पसारा फुटतो, अँटेनाच बदलते. आधीची ढिली जुळणी तेही चालवून घेत असेल, पण आताची नखरेल. ती रुसली होती. म्हणजे डबी बिघडली नव्हती, सेल संपला नव्हता. आप्पांनी फक्त छत्री उघडली होती.

आणि आमच्या गावात छत्री उघडायला लागावी अशी जागा कुठे आहे? वाडीत पोफळी, माड, फणस. खाडीच्या वाटेवर सुरूची झाडं. ऊन जमिनीला लागतच नाही. झाडाचं पान नाही अशी एकच जागा होती, ती म्हणजे वरचा सडा.

मी चपला घातल्या आणि निघाले. कातळात खोदलेल्या पायऱ्या चढताना धाप लागली, पण थांबले नाही. शेवटच्या काजूच्या झाडापलीकडे पाऊल टाकलं आणि ऊन अंगावर आलं. समोर तो काळाभोर सडा, त्यापलीकडे समुद्र. खांब जिथे उभा होता तिथलं सिमेंटचं जोतं अजून होतं. त्यावर आप्पा बसले होते, उघड्या छत्रीखाली.

त्यांनी मला येताना पाहिलं आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"वेळ लागला तुला," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, लवकर ध्यानात येईल."

"छत्री उघडली की जुळणी सुटते," मी धापा टाकत म्हटलं.

"सुटणारच. काठी होती तिचं झाड झालं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी जुळवलंय ते, विशू."

मला राग आला. खरंच आला. खाली आई घाबरून गेली होती, हेमंत भरतीच्या पाण्यात वाकून बघत असेल, आणि हे इथे गार वाऱ्याला बसलेले. "मग सांगितलं का नाहीत? आमचा जीव जायची वेळ आली!"

आप्पांनी तोंड समुद्राकडे वळवलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं इथे बसून मी सगळ्यांचं ऐकलं. ड्यूटी संपली की कानांवरचे हेडफोन काढून ठेवायचो आणि या जोत्यावर येऊन बसायचो. घटकाभर. मला कुणी ऐकत नाही आणि मी कुणाला ऐकत नाही. त्यावर दुसऱ्या दिवशीची ड्यूटी निघायची." त्यांनी छत्री जरा माझ्या बाजूला कलती केली. "ते पट्टे यायचे ना, तेव्हा मी रस्त्यानं चाललो की दारं उघडायची. चांगलीच माणसं सगळी. पण बाई, मी काय चोर होतो? पट्टे गेले, मग तुझी ती रिसीव्हरची पेटी राहिली. ती मीच मागितली, ती हवीच. तरी घटकाभर तरी..." पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. त्यांनी हातानं नुसतं सड्याकडे दाखवलं.

"तुम्ही हरवला असतात तर?"

"छत्री मिटली की सूर परत सुरू. मी मिटणारच होतो." ते उठले, छत्री मिटली आणि तिची कडी लावली. "चल."

चार पावलं टाकून ते थांबले. सड्यावरून दोन वाटा फुटतात, एक वाडीत उतरते, दुसरी खाडीकडे. त्यांनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"विशू," ते हळूच म्हणाले, "आपलं घर कुठल्या अंगाला गो?"

माझा राग तिथेच संपला. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "इकडे, आप्पा."

घरी पोचलो तेव्हा रिसीव्हर ओसरीवर पी-पी-पी करत होता आणि आई त्याच्याजवळ डोळे पुसत बसली होती. आमच्या मागोमाग हेमंत आला, गुडघ्यापर्यंत चिखल. आप्पांना बघून तो आधी खाली बसला, मग उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला. मी त्याला काय झालं ते सांगितलं.

"मग उघड्या छत्रीवर जुळव," तो म्हणाला.

"मग मिटलेली सुटेल."

"दोन्हींवर चालेल असं कर."

"तसं करायचं तर गाळणं ढिलं करावं लागेल. पट्टे परत येतील."

"येऊ देत! काकींनाही तेच हवंय. सगळी वाडी लक्ष ठेवेल." त्यानं आशेनं माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, शहाणपणाचं तेच होतं. आप्पा मान खाली घालून आपल्या हातांकडे बघत होते. ते स्वतःसाठी काही मागणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

"नाही," मी म्हटलं. "डबीला हात लावायचा नाही."

"अगं, पण पुन्हा असं झालं तर?"

"होणारच. रोज होईल."

"आणि मी हे असं सोडून ठाण्याला जाऊ?"

"उद्या माझ्याबरोबर ये," मी म्हटलं. "मग ठरव."

दुसऱ्या दिवशी आप्पा निघाल्यावर थोड्या वेळानं आम्हीही निघालो. रिसीव्हर मी खांद्याला अडकवला होता. सड्याच्या कडेला त्या शेवटच्या काजूखाली, वरून दिसणार नाही असे बसलो. पी-पी-पी वाजत होतं. मग थांबलं. हेमंत ताडकन उठला. मी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"आप्पा बसलेत," मी म्हटलं. "आता आपणही बसायचं."

काजूचा वास येत होता. खरखर ऐकत आम्ही बसून राहिलो. हेमंतनं दहादा घड्याळ बघितलं, मग नाद सोडला. वरून आप्पांच्या गुणगुणण्याचा आवाज आला, अगदी बारीक. हेमंत कान देऊन ऐकू लागला. मी रिसीव्हर उचलून चार पावलं खाली सरकले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि तोही खाली सरकला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खरखरीतून एकदम सूर वर आला, पी-पी-पी, मोठ्यानं आणि स्वच्छ. आम्ही उठलो, कपडे झटकले आणि रमतगमत वर चढलो. आप्पा दोन वाटांच्या फाट्यावर उभे होते, मिटलेली छत्री टेकून, इकडे तिकडे बघत. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, तुम्ही दोघं इकडे कसे?"

मी हेमंतकडे पाहिलं. तो आप्पांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि घराच्या बाजूला वळला.

"सहज," तो म्हणाला.